गुरुजींनी तपासून पाहिलेला खेळ

जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत भिका गुरुजींना आडनावाने कुणी ओळखत नसे. एकतीस वर्षं त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली, त्यातली सोळा एकट्या पोशेऱ्यात, आणि जिथे गेले तिथे गणित त्यांच्याच गळ्यात पडलं. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं शिक्षक झाली, ग्रामसेवक झाली, कचेऱ्यांत कारकून म्हणून चिकटली. गुरुजी एसटीत चढले की कुणीतरी उठून जागा द्यायचंच. गुरुजी नको नको म्हणायचे आणि बसायचे.

निवृत्त झाल्यावर ते साखरशेतला आपल्या घरी येऊन राहिले. भाताची दोन खाचरं होती, वरच्या उतारावर नाचणी. पण शेतीतलं त्यांची बायको कमू हिला जास्त कळायचं आणि ती ते लपवतही नसे. "तुम्ही बांधावर बसा. मधे मधे येऊ नका," ती म्हणायची. बांधावर बसून माणूस किती बसणार? म्हणून गुरुजी दर दोन-चार दिवसांनी काहीतरी काम काढून जव्हारला जायचे. कधी पेन्शनचं, कधी चष्म्याचं, कधी नुसतंच.

असेच ते दोन हजार सातच्या गुढीपाडव्यानंतर एकदा डेपोतून बाहेर पडले, तर मागून हाक आली. वळून पाहतात तो गोकुळ. भर रस्त्यात वाकून तो पाया पडला.

गोकुळ मौळे पोशेऱ्याचा. बाप लवकर गेला, आई फागी हिने मोलमजुरी करून वाढवला. चौथीच्या स्कॉलरशिपच्या वेळी गुरुजींनी त्याला तीन महिने स्वतःच्या खोलीवर ठेवून घेतलं होतं. कमूने त्याला रोज गरम भाकरी वाढली होती. पोराने स्कॉलरशिप घेतली. तालुक्याला त्या वर्षी मिळालेली ती एकच. पुढे तो ठाण्याला गेला, कॉम्प्युटरच्या दुकानात राबला, आणि आता परत येऊन जव्हारमध्ये सायबर कॅफे टाकून बसला होता. सहा कॉम्प्युटर, प्रत्येकाला प्लायवूडची खोपटी, खोपटीला पडदा, आणि भारनियमनासाठी इन्व्हर्टर.

"गुरुजी, तुमच्याकडे एक काम होतं," चहा मागवून तो म्हणाला. "काम असं की ते दुसऱ्या कुणाला जमणार नाही."

एका कंपनीने इंटरनेटवर खेळ काढले होते. फळांचं यंत्र, आकड्यांची चाकी, पत्ते. खेळ बाजारात आणायच्या आधी कुणीतरी शांतपणे खेळून पाहायचे आणि काय काय झालं ते नीट लिहून ठेवायचं.

"जुगार आहे हा," गुरुजी म्हणाले.

"पैसे कुठे लावायचेत गुरुजी? खोटी नाणी आहेत. कॉम्प्युटरच देतो, कॉम्प्युटरच घेतो. संपली की एक बटण दाबायचं, पुन्हा हजार. मला फक्त आकडे हवेत. आकड्यांत तुमच्याइतकी नजर कुणाची आहे?"

गुरुजींना ते बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं. दोन वर्षांत त्यांच्या आकड्यांच्या नजरेची कुणी आठवण काढली नव्हती. गोकुळने मानधनाचं बोलणं काढलं तेव्हा त्यांनी हातानेच ते बाजूला सारलं. "तुझ्याकडून पैसे घेऊ?"

पहिल्या दिवशी माऊस काही केल्या हातात बसेना. बाण पडद्यावर कुठेही पळायचा. गोकुळ मागे उभा राहिला, त्याने गुरुजींच्या हातावर आपला हात ठेवला. "दाबून नका धरू गुरुजी. डस्टर धरता तसा धरा." मग जमलं. कधीकाळी याच पोराच्या हातावर हात ठेवून आपण पाटीवर आकडे गिरवून घेतले, हे गुरुजींना आठवलं आणि त्यांना भरून आलं. त्यांनी चष्मा पुसला.

दोन महिने ते जात राहिले. दोनशे पानी वही घेतली, पट्टीने रकाने आखले. फळांच्या यंत्रात पाच पट्ट्या फिरायच्या, थांबल्या की कलिंगडं, चेऱ्या, घंटा ओळीत आल्या तर नाणी खळखळून पडायची. किती लावली, किती आली, गुरुजी प्रत्येक फेरी लिहायचे. चाकीवर एक पांढरी गोळी धावायची. अठरा घरं लाल, अठरा काळी आणि एक हिरवं, शून्याचं. लाल किंवा काळ्यावर लावलं आणि गोळी शून्यावर गेली तर नाणी गेली. पहिल्याच दिवशी गुरुजींनी ताडलं की दुकानदाराचा सगळा संसार त्या एका हिरव्या घरावर चालतो. एकवीसच्या पत्त्यांत, म्हणजे पानांची बेरीज एकवीसच्या वर जाऊ न देता खेळायच्या डावात, सोळावर पान मागावं की थांबावं यावर त्यांनी आठवडा घालवला.

आणि त्यांना मजा यायची. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. एकदा पाचही घंटा ओळीत आल्या, नाण्यांचा आवाज थांबेचना, तेव्हा ते इतके मोठ्याने हसले की शेजारच्या खोपटीतल्या माणसाने पडदा सारून पाहिलं. घरी कमूने विचारलं, "जव्हारला रोज काय असतं?" तर म्हणाले, "कॉम्प्युटर शिकतोय." हे अर्धं खरं होतं.

वहीतली बेरीज मात्र त्यांना खटकायला लागली. सातशे फेऱ्यांत शून्य एकोणीसच्या आसपास यायला हवं होतं, ते आलं फक्त चार वेळा. फळांचं यंत्र शंभर नाणी घेई आणि एकशे सहा परत देई.

"गोकुळ, हे दुकान बुडेल," ते म्हणाले. "घेतं त्याहून जास्त देतंय."

गोकुळ हसला. "म्हणून तर तपासायचं गुरुजी. कंपनीला कळवतो मी." मग म्हणाला, "एक करा. सगळ्याचं सार एका कागदावर लिहून द्या. तुमच्या अक्षरात. खाली सही करा. कंपनीचे लोक मोठे आहेत, टाईप केलेलं त्यांना रोजचंच. हाताचं पाहिलं की विश्वास बसतो."

गुरुजींनी शाई भरून कागद लिहिला. कोणता खेळ किती फेऱ्या खेळला, किती लावलं, किती मिळालं. शेवटी एक वाक्य घातलं: 'हे सर्व खोट्या नाण्यांवरील निरीक्षण आहे, खऱ्या पैशांवर हे खेळ कसे चालतात ते मी पाहिलेले नाही.' त्याखाली सही केली, तारीख घातली. गोकुळने त्यांचा एक फोटोही काढला. कंपनीला पाठवायला, म्हणाला.

त्यानंतर लावणीचे दिवस आले, चिखलात कमूलाही माणूस हवं होतं, आणि गुरुजींचं जव्हारला जाणं सुटलं.

भात पोटरीवर आलं होतं तेव्हा एका रविवारी दुपारी जयवंती घरी आली. ही त्यांची पोशेऱ्याचीच विद्यार्थिनी, आता मोखाड्याकडे एका शाळेवर शिक्षिका होती. तिचा नवरा मुकेश सरकारी कचेरीत कारकून. ती आली, ओटीवर टेकली, पाणी प्यायली, पण नेहमीसारखं बोलेना. नेहमी ती आल्या आल्या कमूच्या मागे चुलीपाशी जायची.

"मुकेश बरा आहे ना?" गुरुजींनी विचारलं.

"मोटारसायकल विकली त्यांनी. माझी पाटली गेली. लेक निशाला नर्सिंगला घालायचं म्हणून ठेवलेलं होतं, तेही गेलं." तिने पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. "मी त्यांना भांडले गुरुजी. रोज भांडले. तर त्यांनी मला हा दाखवला. म्हणाले, तुझ्या गुरुजींनीच तपासून दिलंय, मग तू कोण सांगणारी? मी अक्षर ओळखलं. मग मी गप्प बसले. दोन महिने गप्प बसले मी."

गुरुजींनी कागद घेतला. झेरॉक्स होती. वर त्यांचाच फोटो, त्यावर छापील अक्षरांत 'भिका गुरुजींनी स्वतः तपासून पाहिलेला खेळ', आणि खाली त्यांचं अक्षर. शंभराला एकशे सहा. शून्य सातशेत चार वेळा. सगळं बरोबर होतं. पण शेवटचं वाक्य नव्हतं. त्या जागी सही होती. कागद उजेडात धरला तेव्हा सहीच्या वर एक बारीक काळी रेघ दिसली, चिकटवलेल्या तुकड्याची कड झेरॉक्समध्ये उमटते तशी. ते वाक्य कापून सही वर सरकवली होती.

"इथे आणखी एक ओळ होती," ते म्हणाले.

जयवंतीने कागदाकडे पाहिलंही नाही.

"जयवंती, इथे एक ओळ होती. मी लिहिली होती. हे खोट्या नाण्यांवरचं आहे म्हणून."

"असेल गुरुजी," ती म्हणाली. इतक्या वर्षांत या मुलीने त्यांच्या बोलण्यावर कधी 'असेल' म्हटलं नव्हतं.

कमू दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "हाच का तुमचा कॉम्प्युटर?" एवढंच तिने विचारलं.

सोमवारी पहिल्या एसटीने गुरुजी जव्हारला गेले. वाटभर त्यांनी मनाशी घोकलं की गोकुळला काही माहीत नसणार. कंपनीने केलं असणार. पोरगा फसला असणार, आपल्यासारखाच. सायबरच्या पायरीवर पोहोचेपर्यंत त्यांचा त्यावर विश्वास बसत आला होता.

आत सहाच्या सहा खोपट्या भरलेल्या होत्या. पडद्यांखाली चपला-बूट दिसत होते. भिंतीवर, काउंटरच्या मागे, तोच कागद लॅमिनेशन करून लावला होता. गोकुळ एका माणसाकडून नोटा घेऊन ड्रॉवरमध्ये टाकत होता आणि चिठ्ठीवर त्याला खेळाच्या खात्याचा नंबर लिहून देत होता. गुरुजींना पाहून तो उठला, पुढे येऊन वाकू लागला.

"राहू दे," गुरुजी म्हणाले. त्यांनी खिशातून शंभराच्या दोन नोटा काढून काउंटरवर ठेवल्या. "मला खेळायचंय. खऱ्यावर."

"गुरुजी, तुम्ही कशाला..."

"तपासायचंय."

गोकुळने इकडेतिकडे पाहिलं. एक खोपटी रिकामी करून दिली. गुरुजींनी वही उघडली, पट्टी ठेवली, रकाने आखले आणि तीन-तीन रुपये लावत खेळायला बसले. चाकी तीच होती, गोळीही तीच, आवाजही तोच. पडदा सारलेला होता, त्यामुळे हळूहळू दोघे-तिघे मागे येऊन उभे राहिले. त्यांतला देवराम तर त्यांचाच विद्यार्थी, आता ग्रामसेवक. गुरुजी प्रत्येक फेरी मोठ्याने बोलत लिहीत होते, वर्गात बोलायचे तसं. "काळा. गेले. शून्य. गेले. लाल. आले. शून्य. गेले." ऐंशी फेऱ्यांत शून्य नऊ वेळा आलं. उरलेल्या पैशांनी त्यांनी फळांचं यंत्र खेळलं, ते तर चहा व्हायला लागेल तेवढ्या वेळात संपलं.

"ऐंशी फेऱ्यांवरून काही सिद्ध होत नाही," वही मिटून ते मागच्या माणसांना म्हणाले, कारण ते खरं होतं. "पण मी जे खेळलो होतो ते हे नव्हे. एवढं नक्की सांगतो."

देवराम आपल्या खोपटीत गेला आणि त्याने पडदा ओढला.

मग गुरुजींनी गोकुळला मागच्या खोलीत नेलं. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांचा वास येत होता.

"ती ओळ कुणी कापली?"

गुरुजी थांबले. 'कंपनीने' हा एक शब्द त्याने उच्चारावा म्हणून ते अक्षरशः वाट पाहत होते. तेवढं म्हटलं असतं तरी त्यांनी मानलं असतं.

"मीच," तो म्हणाला. "ती ठेवली असती तर कागदाचा उपयोग काय होता?"

"म्हणजे पहिल्यापासून तुला हेच करायचं होतं."

"गुरुजी, मी तुमच्या नावाने एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. जे आहे ते सगळं तुमचंच आहे."

"खोट्या नाण्यांचा खेळ मुद्दाम जास्त देतो हे तुला ठाऊक होतं?"

"सगळ्या ठिकाणी तसंच असतं. माणूस बसला पाहिजे ना आधी." तो खाली बघत होता, पण आवाज चढला नव्हता, घाबरलेलाही नव्हता. "मला ठाण्यात दहा वर्षांत कुणी ओळखलं नाही. इथे आलो तर लोक म्हणाले, फागीचा पोर, त्याच्याकडे कोण पैसे ठेवणार? मग कोणाचं नाव लावायचं? आपल्या दोन तालुक्यांत तुमच्याएवढं नाव दुसऱ्या कुणाचं चालतं, सांगा."

गुरुजींना वाटलं होतं आपण ओरडू. एकतीस वर्षांत ओरडायची सवय होतीच. पण आवाज निघाला तो अगदी बारीक. "तू मला मागायचं होतंस."

"तुम्ही दिलं असतं?"

"नसतं दिलं."

"मग?" गोकुळ म्हणाला. आणि जरा थांबून, "तुम्हालाही मजा येत होती गुरुजी. मी पाहत होतो."

गुरुजींनी वही काखेत मारली. ते बाहेर आले. भिंतीवरचा कागद गोकुळने स्वतःच, न सांगता काढला आणि त्यांच्या हातात दिला. काढताना तो एकदाही अडखळला नाही. एक कागद काढून काय होणार हे त्याला माहीत होतं. त्याच्या झेरॉक्सी कुठवर गेल्यात हे गुरुजींना पुढच्या पंधरा दिवसांत कळलं.

त्या पंधरा दिवसांत ते शाळाशाळांतून फिरले. जव्हारच्या खालच्या अंगाला, मग मोखाड्याकडे, एसटी असेल तिथे एसटीने, नसेल तिथे चालत. शिक्षकांच्या खोलीत जाऊन लॅमिनेशनचा कागद आणि आपली वही पुढे ठेवायचे आणि सांगायचे. काही जण ऐकायचे आणि कपाळाला हात लावायचे. काही जण 'हो हो' म्हणायचे आणि चहा पुढे करायचे. एका शाळेत रोहिदास नावाचा मुख्याध्यापक होता, गुरुजींबरोबर पाच वर्षं काम केलेला. त्याने सगळं ऐकून घेतलं, दार लोटलं आणि हसत म्हणाला, "गुरुजी, कमिशनवरून बिनसलं का तुमचं? आपल्यात सांगा."

गुरुजी तिथून उठले तेव्हा छत्री विसरले. परत न्यायला गेले नाहीत.

पोलिसांत जायचं त्यांनी ठरवलं होतं. तक्रारीचा कागदही लिहिला. पण जयवंतीने हात जोडले. "मुकेशचं नाव निघेल गुरुजी. सरकारी नोकर जुगार खेळला म्हणून नोकरी जाईल. आहे तेवढं तरी राहू द्या." देवरामनेही निरोप पाठवला, तोच. खोपट्यांत बसणारी सगळी पगारी माणसं होती आणि कुणालाच ओरडता येत नव्हतं. हेही गोकुळने हिशेबात धरलं असणार, हे गुरुजींच्या फार उशिरा लक्षात आलं. तक्रारीचा कागद त्यांनी वहीत ठेवून दिला.

तरी त्यांच्या फिरण्याचा परिणाम झालाच. खोपट्या रिकाम्या व्हायला लागल्या. संक्रांतीनंतर सायबरला कुलूप लागलं आणि गोकुळ कॉम्प्युटर टेम्पोत घालून कुठे गेला ते कुणाला कळलं नाही. कुणी म्हणालं वसई, कुणी म्हणालं नाशिक. जयवंतीने निशाला नर्सिंगऐवजी जव्हारच्याच कॉलेजात घालायचं ठरवलं. ती स्वतः आता गुरुजींच्या घरी येईनाशी झाली. वाटेत भेटली तर थांबायची, तब्येत विचारायची, आणि चालू लागायची.

फाल्गुनात एक दिवस सकाळी फागी आली. पोशेऱ्याहून एवढ्या लांब ती एकटी कधी आली नव्हती. डोक्यावरचं गाठोडं तिने ओटीवर उतरवलं. त्यात नाचणी होती, आणि वालाच्या शेंगा.

"बस फागी," कमू म्हणाली. ती बसली नाही.

"गुरजी," ती म्हणाली, "माझ्या पोराचं दुकान तुम्ही का मोडलंत?"

गुरुजी ओटीच्या कडेला आले.

"तो सांगून गेला. गुरजींना माझं बरं झालेलं बघवलं नाही. शाळाशाळांत फिरून माझी बदनामी केली. मी म्हटलं, गुरजी असं करायचे नाहीत. तुला जेवू घातलं त्यांनी. तर म्हणला, जाऊन विचार. म्हणून आले. भांडायला नाही आले, विचारायला आले."

गुरुजींनी आत जाऊन वही आणली आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की फागीला वाचता येत नाही. ते तिच्यासमोर खाली जमिनीवर बसले आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं. खोटी नाणी काय, खरी काय, ओळ कोणती आणि ती कशी कापली. कोणाचं काय काय गेलं. आपल्याला मजा येत होती हेही सांगितलं, कमूसमोरच.

सांगून झाल्यावर फागीने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "त्यानं मला पत्र्याचं घर बांधून दिलं. मागल्या वर्षी. त्याच पैशातलं का?"

गुरुजींना खोटं बोलता आलं असतं. क्षणभर मनातही आलं, कारण म्हातारी पार वाळून गेली होती आणि उन्हाळा तोंडावर होता.

"त्यातलंच असेल," ते म्हणाले.

फागीने मान हलवली. कमूने चहा आणून ठेवला होता तो तिने उभ्या उभ्याच प्यायला, बशीतून, शेवटच्या थेंबापर्यंत. गाठोड्याचं फडकं तेवढं झटकून घेतलं. नाचणी आणि शेंगा ओटीवरच्या सुपांत ओतून ठेवल्या. कमू तिला एसटीपर्यंत सोडायला निघाली, तेव्हा फागी अंगणात वळली.

"तो आला तर तुम्हाला कळवू का, गुरजी?"

गुरुजी दारातच उभे होते. हो म्हणावं की नाही ते त्यांना ठरवता येईना. दोघी बायका वाट पाहत थांबल्या होत्या. शेवटी त्यांनी मानेनेच नाही म्हटलं, आणि शेंगांचं सूप उचलून ते आत गेले.